गुरुवारचे व्याही

झाडाला मेमो देणारा माणूस जगात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला व्याही म्हणून आला. दुसरा कोणी असता तर मी तोंडावर काय ते बोलून मोकळी झाले असते. पण मुलीच्या सासऱ्याला बोलता येत नाही. तो कितीही वेडगळ वागला तरी 'चहा घेणार ना?' एवढंच विचारायचं असतं. मी चौथी शिकलेली, चिंचवडला नगरपालिकेच्या शाळेत शिपाई. ते पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, हे त्यांचं काम. भोंगा झाल्यावर ते सुटायला हवं होतं, पण सुटत नसे. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा पोह्यांतला एक शेंगदाणा त्यांनी उजेडात धरून पाहिला, मुलीला नाव तेवढं विचारलं, आणि मागच्या दारी जाऊन अर्धा तास शेवग्याला टिचक्या मारत बसले. आमच्या मंडळींना वाटलं, स्थळ हातचं गेलं. परत आले, हात धुतले आणि म्हणाले, "मुलगी पास. शेवगा रिजेक्ट. आतून पोखरलाय." पुढच्या पावसाळ्यात शेवगा आडवा झाला. मुलगी त्यांच्या घरात टिकली.

आपल्या या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. सगळं जग रविवारी घरी असतं तेव्हा आमचे भोंगे वाजतात, आणि गुरुवारी वीज बंद म्हणून कारखाने बंद. त्यात गुरुवार म्हणून कित्येकांना मटण चालत नाही, त्यामुळे ती सुट्टी तशी फुकटच जाते. बाकीचे कामगार पत्ते कुटत. आमचे व्याही एका गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "शेजारी एवढी बाग आहे, आणि तुमची पोरं तिथं नुसती घसरगुंडीवरून चड्ड्या फाडतात. मला दोन तास द्या." तिसरीच्या मास्तरांची बदली झाली होती, नवे आले नव्हते. चाळीस पोरं कुणीतरी घेऊन जातंय म्हटल्यावर हेडमास्तर कशाला नाही म्हणतात? सोबतीला शिपाई हवा म्हणून मला धाडलं. अशा तऱ्हेने माझा गुरुवार व्याह्यांच्या मागे चालण्यात जाऊ लागला, तोही डोक्यावरचा पदर सांभाळत.

तिथं त्यांनी कारखानाच मांडला. झाडांना नंबर दिले, पत्र्याचे बिल्ले करून सुतळीने बांधले. खिळा ठोकू दिला नाही. प्रत्येक झाडाची शिफ्ट ठरवली. जास्वंद फर्स्ट शिफ्ट. गुलबक्षी चारला उमलते म्हणून सेकंड शिफ्ट. प्राजक्त रातपाळी. फाटकाजवळचा शिरीष, ज्याची पानं सकाळी उघडतात आणि संध्याकाळी मिटतात, तो चौदा नंबर, जनरल शिफ्ट. पोरांनी वहीत हजेरी मांडायची: कोण आलं, कोण उशिरा उमललं, कुणाच्या अंगावर कोण बसलं. एकदा दुपारीच आभाळ भरून आलं आणि शिरिषाने पानं मिटली, तर व्याह्यांनी घड्याळ बघून सांगितलं, "चौदा नंबर, हाफ डे. लिहा." खिशात मोजपट्टी असायचीच. पान मोजायचं, शेंग मोजायची, मुंगळ्याने ओढलेला तुकडा मोजायचा, मग मुंगळा मोजायचा, आणि मुंगळ्याच्या मानाने बापाने किती मोठं ओझं उचललं पाहिजे ते पोरांनी घरी जाऊन बापाला सांगायचं. गंमत अशी की या माणसाला झाडांची नावं येत नव्हती. करंज आणि पांगारा यांत त्यांना फरक विचारला तर तीन नंबर आणि सात नंबर असं सांगत. मी दिघीच्या माळावर वाढलेली, मला सगळी येत होती. एकदा न राहवून सांगायला गेले तर म्हणाले, "विहीणबाई, नाव कळलं की पोरं मान हलवतात आणि पुढं जातात. आधी हजेरी बघू द्या." मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. पण व्याह्याला काय बोलणार?

मेमोचं सांगते. बागेत कांचनाची तीन झाडं. थंडी सरताना दोन फुलली, तिसऱ्याने, म्हणजे नऊ नंबरने, एक कळी दाखवली नाही. व्याह्यांनी पोरांना रांगेत उभं केलं, कागद काढला आणि झाडासमोर खणखणीत वाचला, "नऊ नंबर, आपण पूर्वसूचना न देता गैरहजर राहिला आहात. खुलासा करावा." माळी हसून हसून झारीवर बसला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढ्यात मंदा नावाची एक किडकिडीत पोरगी पुढं आली. तिचे वडील कारखान्यात युनियनचं काम करायचे.

"असं न्हाई चालत, काका. त्याची बाजू ऐकल्याबिगर मेमो देता येत न्हाई. आमचं आप्पा सांगत्यात."

"अगं, झाड बोलेल का?"

"मग चौकशी लावा. तवर काम बंद." आणि ती खाली बसली. तिच्यामागे सगळी चाळीस पोरं बसली.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. व्याह्यांचा चेहरा असा फुलला की बढती मिळाल्यावरही पुढे फुलला नाही. चौकशी तीन गुरुवार चालली. पोरं पाळीपाळीने नऊ नंबरजवळ बसली. तिसऱ्या गुरुवारी गुन्हेगार सापडला: कुंपणापलीकडचा चहाटपरीवाला. कपबशा विसळून उरलेलं उकळतं पाणी तो तारेतून सरळ झाडाच्या बुंध्याशी ओतायचा.

"पाणीच तर घालतो की राव," तो म्हणाला. "पुण्याचं काम हाय."

"उकळतं? तुमच्या पायावर घालू का, मामा?" मंदाने विचारलं.

टपरीवाल्याने दुसऱ्या दिवसापासून पाणी गटारात ओतलं. पुढच्या वर्षी पोरं चौथीत असताना नऊ नंबर फुलला, बाकी दोघांच्या मागून आठ दिवसांनी, पण फुलला. व्याह्यांनी त्याच्यासमोर मेमो फाडला आणि तुकडे स्वतःच्या खिशात घातले, बागेत कचरा नको म्हणून.

आणि त्याच महिन्यात त्यांना सुपरवायझरची जागा देऊ केली. बढती, कंपनीच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर, सगळं होतं. अडचण एकच. जागा मेंटेनन्स खात्यातली, आणि मशिनं उघडायची ती सुट्टीच्या दिवशी. म्हणजे गुरुवारी कामावर, रविवारी घरी. रविवारी शाळा बंद. व्याही 'विचार करतो' म्हणाले आणि आठवडा गेला तरी विचारच करत होते. मी मुलीला बघायला गेले तर ती सहा महिन्यांची पोटुशी, आणि तिचं अंथरूण त्यांच्या एका खोलीच्या घरात कोपऱ्यात, स्टोव्ह आणि भिंत यांच्यामध्ये. व्याही बाहेर बाकावर बसले होते.

"विहीणबाई," ते म्हणाले, "गुरुवार जातो हो."

तेव्हा मी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांना बोलले. "जाऊ द्या. पोरांनी झाडं बघितली नाहीत म्हणून झाडं वाढायची थांबत नाहीत. माझी लेक पाय लांब करते तर स्टोव्हला लागतो. जगाचं मोजता, हे मोजलंत का कधी?"

ते उठले, आत गेले, मोजपट्टी काढली आणि गुडघ्यावर बसून भिंतीपासून स्टोव्हपर्यंतची जागा मोजली. सवयीप्रमाणे दोनदा मोजली. मग पट्टी खिशात टाकून हळू आवाजात म्हणाले, "रिजेक्ट." दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

चार गुरुवार पोरं फाटकाशी जाऊन परत आली. पाचव्या गुरुवारी मंदाने माझ्या हातात कागद दिला. 'काका, आपण चार गुरुवार गैरहजर. आपली बाजू ऐकून घेऊ. खुलासा करावा.' रविवारी मी तो त्यांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि खाली सुबक अक्षरात लिहिलं, 'कारण: बढती घेतली. चूक माझी. दुसऱ्या कोणाचा दोष नाही.' माझं नाव नाही, लेकीचं नाही, खोलीचं नाही. तो खुलासा मी वर्गात वाचला. एक पोरगा म्हणाला, "म्हणजे पगारासाठी गेले." ते मात्र माझ्याच्याने ऐकवलं नाही. मी म्हणाले, "खोटं लिहिलंय त्यांनी. माझ्या लेकीला पाय पसरायला जागा नव्हती. मी त्यांना जायला लावलं."

मंदाने बराच विचार केला. "मग मेमो मावशींना," ती म्हणाली. "शिक्षा म्हणून गुरुवारी तुमीच न्यायचं."

नेलं. हेडमास्तरांना मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही. नोकरीतून निवृत्त होईपर्यंत मी दर गुरुवारी चौथीची पोरं बागेत नेली. हजेरी मांडायला लावली आणि जोडीला नावंही सांगितली, करंज, पांगारा, कांचन, सगळी. पोरांनी मान हलवली आणि तरी बघत राहिली. व्याह्यांना मात्र हे सांगितलं नाही. रविवारी लेकीकडे गेले की ते वही मागायचे आणि मी नंबरानेच सांगायची: नऊ नंबर फुलला, तीन नंबरवर घार बसली, चौदा नंबर वेळेवर सुटला. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते म्हणायचे, "पास."

नातू त्या क्वार्टरमध्ये हातपाय पसरून मोठा झाला. मी केलं ते बरोबर केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन. व्याही गेले, त्याला दोन वर्षं झाली. गुरुवारी वीज जाते, पंखा थांबतो, आणि घरात बसवत नाही म्हणून मी संध्याकाळची बागेत जाते. बिल्ले कधीच गळून पडले. फाटकाजवळच्या शिरिषाला मी शिरीषच म्हणते. पण त्याची पानं मिटायला लागली की तोंडातून आपोआप निघतं, "चौदा नंबर, वेळेवर सुटला." मग मी थोडी थांबते. पुढचा शब्द त्यांनी म्हणायचा असतो.