गळलं कुठं, ते सांगा

हिराजीदादा गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचुंब्याच्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात एका हातात भाजीची पिशवी घेऊन उभा होतो आणि लिफ्ट बंद असल्याबद्दल सेक्रेटरीला मनातल्या मनात झापत होतो. "मास्तर, बाबा गेले. चार दिस झाले. तुमचं कापड दुकानात हाय, बाबांनी बांधून ठेवलंय. कवा येता?" ती एका दमात बोलली. मी तिथेच पायरीवर बसलो. पिशवीतला दुधी घरंगळत खालच्या मजल्यावर गेला, त्याच्यामागे जायचंही सुचलं नाही... कारण त्या बांधून ठेवलेल्या कापडाबद्दल मी दादांशी एक शब्द खोटा बोललो होतो, आणि तो मागे घ्यायला जायचं, असं ओळीने चार रविवार नुसतं ठरवत होतो.

दादा कळंबोलीत ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. मूळचे उरणच्या खाडीकाठचे कोळी. तरुणपणी वडिलांच्या होडीवर गेलेले, पुढे होडी गेली आणि ते शिलाई मशीनवर आले. त्यांची माझी गाठ पडली ती माझ्या कर्तबगारीमुळे. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर पनवेलहून निघून सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने आंबोलीपर्यंत चालत जायचं मी ठरवलं. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि पाठीवर आठ किलोच्या वर काही न्यायचं नाही, नाहीतर घरी बसा, असं सांगितलं. माझा तंबूच अडीच किलोचा. मग दोन महिने मी इंटरनेटवर वाचत बसलो आणि शेवटी तंबूऐवजी नुसतं छत मागवलं: पाण्याला दाद न देणारं एक पातळ कापड, तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद. काठ्या आणि दोऱ्या लावून ताणलं की झालं घर. ते आलं घड्या पडलेलं. निघण्यापूर्वी आमच्या ट्रेकिंगच्या मंडळींचा फोटो काढायचा होता, त्यात कापड चुरगळलेलं दिसू नये म्हणून मी त्याला इस्त्री केली. जन्मात स्वतःच्या शर्टाला केली नव्हती. कापडाला भोक पडलं ते अगदी इस्त्रीच्या आकाराचं, पुढच्या टोकासकट. बायको म्हणाली, "आता ह्याला खिडकी म्हणा."

ते कापड घेऊन मी कळंबोलीत गेलो. दादांनी त्या भोकातून हात घालून पाहिला. दुकानात दोन-तीन ड्रायव्हर चहा पीत बसले होते. "मास्तर, एवढा मोठा मांडव? डोंगरात लगीन हाय का कुनाचं?" एवढंच दादांनी विचारलं. ड्रायव्हर हसले, पण दादा हसले नाहीत. त्यांनी फरशी झाडली आणि मला म्हणाले, "झोपा." मला वाटलं चेष्टा चाललीय. पण ते खडू घेऊन खरंच वाट बघत होते. तेव्हा साठीला आलेला, चार वर्गांना ज्याचा दरारा वाटायचा असा हा माणूस दिवसाढवळ्या कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलशेजारी चप्पल काढून जमिनीवर आडवा झाला. आधी मी सभ्यपणे उताणा झोपलो. दादा म्हणाले, असे नाही, घरी झोपता तसे. मग मी कुशीवर वळलो, गुडघे पोटाशी घेतले, आणि त्यांनी माझ्याभोवती खडूने रेघ ओढली. मी उठून पाहिलं तर फरशीवर माझा आकार होता... एवढासा. "तीन मीटर कुनासाठी घेतलं? तुमी तर कोळंबीसारखे झोपता," दादा म्हणाले. दोन महिने मी कापडाचं वजन, जाडी, शिवण, सगळं वाचलं होतं. आपण झोपतो कसे, हे बघायचं मात्र राहून गेलं होतं.

पाणी वरून येतं त्याहून जास्त बाजूने उडून येतं, म्हणून त्यांनी त्या रेघेच्या चहूबाजूंनी एकेक हात जागा वाढवली. जळलेला भाग आपोआप बाहेर राहिला. मग त्यांनी भिंतीवरच्या दोन खिळ्यांना दोरी अडकवली, ती मध्ये किंचित सैल सोडली, मागे कापड धरलं आणि दोरीला जसा झोल आला होता तशीच खडूची रेघ मारून कात्री चालवली. कापडाची प्रत्येक कड मध्ये आत गेलेली. मला राहवलं नाही. "दादा, वाकडं कापताय," मी म्हणालो. ते कात्री न थांबवता म्हणाले, "सरळ कड वाऱ्यात फडफडते मास्तर. फडफडली की फाटते. आमचा बा शिडाची कड अशीच धरायचा." माझा विश्वास बसला नाही. घरी येऊन मी नेटवर शोधलं, तर परदेशातले कारागीर अशाच सैल सोडलेल्या दोरीवरून छताच्या कडा आखतात. दादांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त वारा ठाऊक होता. कोपऱ्यांना त्यांनी जाड कापडाचे तुकडे लावले, शिवणीवर चिकट रसायन नुसत्या बोटाने सारवलं, आणि वाळल्यावर मला पुन्हा झोपवून एका ड्रायव्हरला वरून दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. एक थेंब आत आला नाही. सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा नव्हतं. माझं चालणं होणार होतं.

निघताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. छताचं तोंड वाऱ्याकडे करायचं नाही, वाऱ्याला पाठ द्यायची. आणि दुसरी... ती सांगताना त्यांनी मशीन थांबवलं होतं. "परत आलात की गळलं कुठं, ते सांगा. नाय गळलं असं नका सांगू. नवं कापड गळतंच. मी काय डोंगरात झोपायला जानार नाय. तुमी सांगाल तेवढंच मला कळनार." आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या मालावरची छपरं शिवली. ती रस्त्याला लागली की फाटल्यावरच परत यायची, काय झालं ते कुणी सांगायचं नाही.

घरी आल्यावर मी त्या कापडावर माझ्या नावाची पट्टी शिवली. डोक्याच्या बाजूला, वरच, सगळ्यांना दिसेल अशी. गोधडीच्या सुईने.

बाराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास माथ्यावर परतीच्या पावसाने गाठलं. मावळतीचं दृश्य छान दिसेल म्हणून मी छताचं तोंड पश्चिमेला केलं होतं. एकतीस वर्षं फळ्यावर वाऱ्याचे बाण काढणारा माणूस! ढग कोकणातून घाट चढून आले आणि पहिल्याच झोताने सगळं घर माझ्या अंगावर आणून टाकलं. अंधारून आलेलं, बोटं बधिर, आसपास वस्ती नाही. दादांचं बोलणं आठवून मी रांगत रांगत दोऱ्या सोडल्या, वाऱ्याला पाठ दिली, काठी खाली घेतली आणि आत शिरून कोळंबी झालो. त्यानंतर दीड तास जे चाललं होतं ते मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. बाहेर झाडं आडवी होत होती. आणि माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरचं ते कागदासारखं कापड गप्प होतं. फडफड नाही, काही नाही. होडीच्या पोटासारखं ताणलेलं, वारा त्याच्यावरून सरकून जात होता. डोंगर न चढलेल्या माणसाने कळंबोलीत फरशीवर बसून हा वारा आधीच पाहून ठेवला होता... मी हात जोडले. खरंच जोडले.

तेवढ्यात कपाळावर थेंब पडला. मग दुसरा. वर बॅटरी मारली. सगळ्या छतात एकाच जागी गळत होतं, माझ्या नावाच्या प्रत्येक टाक्यातून.

आंबोलीला पोचून परत आलो, कापड घेऊन दादांकडे गेलो. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, "गळलं कुठं?" मी म्हणालो, "कुठंच नाही, दादा!" मला वाटलं होतं, खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. "कुठंच नाय?" त्यांनी पुन्हा विचारलं. आपल्या नावाची हौस कबूल करायची लाज वाटली म्हणून मी पुन्हा मान हलवली. "ऱ्हाऊ द्या इथं, बघतो," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले.

दुकानात गेलो तर मुलीने पुडकं हातात दिलं. म्हणाली, बाबांनी दारात उभं राहून कापड उन्हावर धरलं, नावाच्या टाक्याटाक्यातून ऊन आत आलं तसे एकटेच खूप हसले. मग तिला बोलावून दाखवलं, बघ, मास्तरांनी नाव शिवलंय. ती म्हणाली, पट्टी उसवून टाकते. तर नको म्हणाले. "हौसेनं लावलीय, ऱ्हाऊ दे. मी आतून बुजवतो."

काल सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत दोऱ्या बांधून ते कापड ताणलं आणि खाली झोपलो. वाऱ्याला पाठ देऊन. बायकोने कुरकुरत दोन बादल्या ओतल्या. डोळ्यांच्या अगदी वर, नावाच्या उलट्या बाजूला, ते रसायन वाळून काचेसारखं झालं होतं आणि त्यात दादांच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट उठला होता, रेघान् रेघ. पाणी त्याच्यावरून निघून गेलं.

"गळतंय का हो?" बायकोने वरून विचारलं.

मी त्या ठशाकडे बघत सांगितलं, "नावापाशी गळत होतं, दादा. आता नाही."