छताचा ताप बघणारे मामंजी

मामंजी कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. यजमान हात जोडून दारात उभे, घरातली बाई कॉफीचं विचारतेय, आणि हे मान मागे टाकून छत न्याहाळतायत. ते झालं की मग, "कसे आहात सगळे?" लग्न ठरवायला साताऱ्याला आमच्या घरी आले तेव्हाही हेच. माझ्या आईला वाटलं, व्याह्यांना जळमटं दिसली. दुसऱ्या दिवशी तिनं अख्खं घर झाडून काढलं. मामंजींनी बघितली होती ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली ओल. निघताना ते आईला हळूच म्हणाले, "विहीणबाई, मुलगी चांगली आहे. तो कोपरा तेवढा बघून घ्या."

मामंजी म्हणजे माझे सासरे. तंजावरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मराठी माझ्या पणजीच्या वळणाची, पण बोलण्याची चाल तमिळ. मला ते 'गे' म्हणून हाक मारायचे. देवनागरी वाचता येत नव्हती, पण आपण मराठी आहोत याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. आमचं तंजावरचं घर राजवाड्यामागच्या गल्लीत. खाली सागवानी तुळया, त्यावर विटा, विटांवर चुना आणि सगळ्यात वर चपट्या मातीच्या फरश्यांची गच्ची. असं छत आणि आमची इथली दमट हवा यांचं सासूसुनेसारखं असतं. एका घरात राहायचं आणि रोज एकमेकींना जोखायचं.

पहिल्याच वैशाखात मी त्यांना माझं शहाणपण शिकवायला गेले. आमच्याकडे मृगाआधी घर शाकारतात, तेव्हा तुम्हीही गच्चीचं काय ते आत्ताच करून घ्या, म्हटलं. ते गालातल्या गालात हसले. "गे, तुझा पाऊस तिकडं. इथला पाऊस दिवाळीला येतो." मी ओशाळले. आणि मृग लागला त्या सकाळी बघते तर हा माणूस धोतर खोचून, डोक्याला पंचा गुंडाळून गच्चीवर चुना भरतोय. वर आभाळात ढगाचा ठिपका नाही.

मग कळलं की या घरात पिढ्यान्‌पिढ्या मृगालाच गच्चीची डागडुजी होते. पूर्वज देशावरून आले ते येताना पंचांगातला पाऊसही घेऊन आले. इथं मृगाला ऊन तापतं, वारा धूळ उडवतो, पण घरातल्या बाप्यांनी गच्चीवर चढायचं म्हणजे चढायचं. शेजारचे तमिळ लोक हसत. माझा नवराही हसायचा. "अप्पा, आपण चुकीच्या पावसासाठी घर दुरुस्त करतो." मामंजी काम न थांबवता म्हणायचे, "चूक केली म्हणून तर छत राहिलं. चुन्याला घाई सोसत नाही रे. त्याला उन्हात बसून कडक व्हायला महिने लागतात. शहाणे लोक ऐप्पसीच्या तोंडावर चुना लावतात आणि मग पाऊस तो धुऊन नेतो." ऐप्पसी म्हणजे इथला दिवाळीचा महिना.

डागांबद्दल त्यांची ठाम मतं होती. काळ्या डागाला ते भीत नसत. "काळा म्हणजे मेलेला. पडून राहील बिचारा. हिरवा दिसला की सावध व्हायचं, तो पाणी पिऊन बसलाय." खोलीच्या छतावर ओल दिसली की ते टेबलावर चढायचे आणि उलटा हात लावून बघायचे, लेकराच्या कपाळाला लावतो तसा. तळवा खोटं बोलतो म्हणे, तो स्वतःच घामेजलेला असतो. मग खिशातली पेन्सिल काढून डागाच्या कडेनं रेघ मारायची. डाग रेघेबाहेर गेला तर चालता, आत राहिला तर थांबलेला. भूगोलाचे मास्तर, नकाशा काढल्याशिवाय त्यांना चैन कसं पडणार? रंग मात्र कधी फासू दिला नाही. "दुखणं झाकलं की बरं होतं काय?"

माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी मृग आला आणि गेला, मामंजी गच्चीवर चढले नाहीत. सासूबाई दर उन्हाळ्यात वर वडाम वाळत घालायच्या. तांदळाच्या त्या पापड्यांसाठी गच्ची आरशासारखी झाडून घ्यायच्या. ते झाडणंही थांबलं. शेजारच्या कडुलिंबाचा पाला साचत गेला. दिवाळीला पाऊस कोसळला आणि मधल्या खोलीच्या छतावर परातीएवढा डाग उमटला. माझी मीनू त्या खोलीत झोपायची, तेव्हा जेमतेम शाळेत जायला लागलेली. तिची छाती भरली. श्वास घेताना तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, या ओलीत लेकराला ठेवू नका.

नवऱ्यानं गावाबाहेर नवी सदनिका बघून ठेवली. मामंजी यायला तयार नव्हते, आणि त्यांना एकटं सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण मुलीचा श्वास तो मुलीचा श्वास. मी मनानं सामान बांधलं होतं. एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मला एक पाऊस दे गे. पोरीला पुढच्या खोलीत झोपव, ती कोरडी आहे. पुढच्या ऐप्पसीत मधली खोली ओली झाली तर मी स्वतः तुमच्याबरोबर येतो." मी होय म्हटलं. नवऱ्याला नंतर सांगितलं.

त्या उन्हाळ्यात मीही पदर खोचून वर गेले. मामंजींनी आधी मला नुसतं बघायला लावलं. डाग मधल्या खोलीत, म्हणून मी तिथल्याच डोक्यावरच्या फरश्या उकरायला निघाले. ते म्हणाले, "उगी राहा. डाग जिथं दिसतो ते त्याचं गाव नव्हे. पाणी तुळई धरून चालतं." आणि खरंच, पार पलीकडे, पन्हाळीच्या तोंडाशी पाला कुजून बसला होता आणि फरश्यांचे सांधे उघडे पडले होते. सासूबाईंची वडामाची जागा नेमकी तीच. मामंजी तिथं उकिडवे बसले. मग म्हणाले, "छत मी राखतो असं मी गावभर सांगायचो. राखायची ती." पंच्यानं डोळे पुसले आणि काथ्याचा ब्रश माझ्या हातात दिला.

शेवाळ कोरडंच घासून काढलं, कारण ओलं घासलं तर ते पसरतं. कडुलिंबाची फांदी शेजाऱ्यांना विचारून छाटली. चुना भिजत घातला, हिरडा आणि गुळाच्या पाण्यात मळला. गुळाला मुंग्या लागल्या तर मामंजी म्हणाले, "खाऊ दे त्यांना, घर त्यांचंही आहे." मृगाच्या दिवशी भर उन्हात आम्ही दोघांनी सांधे भरले. माझे हात चुन्यानं उलले. रात्री त्यांनी स्वतः खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली.

दिवाळीनंतर पाऊस आला तो गल्लीत गुडघाभर पाणी चढवून. मामंजी दिवसातून कितीदा टेबलावर चढले कुणास ठाऊक. उलटा हात लावायचे, खाली उतरायचे, मला नुसती मान हलवून दाखवायचे. जुना डाग सुकून फिका पडला होता, रेघेच्या आतच राहिला. पाऊस ओसरल्यावरही त्यांनी काही दिवस जाऊ दिले. मग एका दुपारी मीनूची गादी स्वतः उचलून मधल्या खोलीत टाकली आणि ती झोपली असताना शेजारी बसून तिचा श्वास ऐकत राहिले. तो संथ होता. सदनिकेचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

मागच्या वर्षी मामंजी अंथरुणाला खिळले, त्याच मधल्या खोलीत. "बरं झालं," म्हणाले, "आता वर बघायला मान मोडावी लागत नाही." ऐप्पसीतला पाऊस लागला होता. अंगात ताप, बोलणं तुटक. एका दुपारी त्यांची नजर छतावर खिळली आणि ते हात उचलायला बघत होते, उचलेना. मीनू आता ताडमाड वाढली आहे. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर कायम तमिळमध्ये. तिनं टेबल ओढलं, वर चढली, छताला उलटा हात लावला. "सुकं आहे, ताता," ती म्हणाली. आजोबांशी तिला मराठीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

खाली उतरून तिनं तोच हात त्यांच्या कपाळाला लावला, आणि तिचा चेहरा बदलला. मामंजींनी तो बघितला. "वरचं सांगितलंस," ते म्हणाले, "इथलं सांगू नको."

दोन दिवसांनी ते गेले तेव्हाही पाऊस चालूच होता. ओट्यावर ओल्या छत्र्यांचा ढीग, माणसांच्या पायांनी चिखल थेट दिवाणखान्यापर्यंत. त्यांना नेल्यावर मी मधल्या खोलीत गेले, दार लोटलं, त्यांच्या रिकाम्या खाटेवर बसले. मुलीचा श्वास आणि हे घर, दोन्ही मला या माणसानं राखून दिलं होतं, आणि तसं त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. मी पोटभर रडले. बाहेर सगळं गाव भिजत होतं. ती खोली कोरडी होती.