अडतीस सेकंदांचं कडवं

गेली अकरा वर्षं मी स्वतः गाणी लिहितो, चाल लावतो आणि गातो. आठवडाभर वराळ्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शनिवारी तुंगार्लीतल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर गिटार घेऊन बसतो. माझी बावीस गाणी इंटरनेटवर आहेत. एकवीस फारशी कुणी ऐकलेली नाहीत.

बाविसाव्याची चाल माझी नाही. कामशेतच्या बाजारात रानभाजी विकणाऱ्या, ठाकरवाडीतल्या एका म्हाताऱ्या मावशींची आहे. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावताना, मावशी बायकांच्या पुढं उभ्या राहून एक गाणं म्हणतात. मी विचारून ते फोनवर घेतलं. चार मिनिटं दोन सेकंद. त्यांच्याकडं रीत अशी, की गाणं जिच्याकडून आलं तिचं नाव शेवटच्या कडव्यात घ्यायचं. मावशींनी आईचं घेतलं होतं.

मी शब्द बदलले, चाल ठेवली आणि ते कडवं काढून टाकलं. हॉटेलातले पाहुणे साडेतीन मिनिटांनंतर चुळबुळ करतात, हे मी घड्याळ लावून पाहिलं होतं. कडवं अडतीस सेकंदांचं होतं. गाण्याखाली शब्द, संगीत, गायन असं तिन्हींपुढं माझं नाव घातलं. गाणं चाललं. चाल कशी सुचली, असं एका मुलाखतीत विचारलं, तेव्हा म्हणालो, "पवनेच्या काठानं फिरताना."

आषाढात बायकोबरोबर बाजारात गेलो होतो. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं कौतुकानं माझ्या फोनवर नेमकं तेच गाणं लावलं आणि फोन मावशींच्या कानाशी धरला. "मावशी, ऐका, यांचं गाणं."

"आगं बया, ही तर आमची चाल! भाऊ, लय ग्वाड म्हनलंय."

शेजारची भाजीवाली म्हणाली, "मावशे, आता तू टीव्हीत जाशील. कुरडूच्या जुड्या कोन इकल गं?"

"तू हाईस की भवाने!"

दोघी हसल्या. मग मावशींनी हातानं तिला गप्प केलं. शेवट जवळ आला होता आणि त्यांचे ओठ आधीच हलत होते. गाणं थांबलं.

"म्होरलं कुटं हाय?"

"संपलं, मावशी."

"आन् माज्या आयचं नाव?"

"फोनमध्ये तेवढंच मावतं," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मावशींनी मात्र मान हलवली. "आसंल. ल्हानसा तर हाय त्यो." आणि कुरडूची एक जुडी वर घातली.

त्याच आठवड्यात मी इंटरनेटवरचं जुनं गाणं काढून टाकलं, कडव्यासकट नव्यानं गायलं आणि चालीपुढं मावशींचं आणि त्यांच्या आईचं नाव घातलं. शनिवारी हॉटेलात पूर्ण म्हटलं. शेवटच्या कडव्यात दोन टेबलं उठून गेली.

मावशींना ते ऐकवलेलं नाही. ऐकवायचं तर याच फोनवर, आणि मग त्यात ते मावतं, हे त्यांना कळेल. तीन आठवडी बाजार झाले, मी भाजी मागच्या रांगेतून आणतो.