पारख्याच्या तोंडाचा वास

तंबाखूचं पान तळहातावर चुरडायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि हळूच म्हणायचं, "नदीकाठचं हाय. पाणी जरा जास्त झालंय." निपाणीच्या आमच्या वखारीत असं सांगणारा तो एकटाच. शेतकरी ओशाळून हसायचा, कारण पाणी खरंच जास्त झालेलं असायचं.

त्याच्या आधी सहा वर्षं तिथं मी पारखी होतो. तो आला आणि व्यापारी मला नुसता रामराम घालून पान त्याच्या हातात देऊ लागले. मालकांनी त्याची गादी खिडकीपाशी, उजेडात मांडली. माझी आत सरकली. तो मला आण्णा म्हणायचा. घरून शेंगांचे लाडू आणले की पहिला माझ्यापुढं धरायचा. अशा माणसाचा राग करणं अवघड, पण मी ते जमवलं होतं.

ज्याचा हेवा वाटतो त्याच्यात खोट शोधायची सवय लागते. तुम्हीही कधी शोधली असेल. मला ती एका सुगीत सापडली. काही सांगायला तो माझ्याकडं वाकला आणि मी मान मागं घेतली. तंबाखूचा वास आम्हा सगळ्यांच्याच तोंडाला होता. हा निराळा, कुजल्यासारखा. ज्याच्या नाकाची बाजारभर वाहवा, त्याला स्वतःच्या तोंडाचा वास कळत नव्हता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पुढं पुढं पान निवडणाऱ्या बायका तो जवळ आला की पदर नाकाला लावू लागल्या. हमाल पाठीमागं बोलायचे. कुणी म्हणे जीभ घासत नाही, कुणी म्हणे दाढ किडली असेल, कुणी म्हणे उपास फार करतो. तोंडावर कुणी बोललं नाही. व्यापारी मात्र पुन्हा माझ्या गादीकडं वळले.

एका दुपारी त्यानं मला गाठलं. "आण्णा, खरं सांगा. माझ्या तोंडाला वास येतोय व्हय?"

"न्हाय रं. कोण म्हणतंय?"

"मग धाकटी पोरगी तोंड का फिरवतीया?"

"पोरांचं काय मनावर घेतोस!"

त्याचा विश्वास बसला. नाहीतरी चौकशी करायला त्याला माझ्याइतकं जवळचं वखारीत कोण होतं? तरी त्यानं तंबाखू सोडली, कडुलिंबाची काडी धरली, जेवण झालं की आडावर मिठाच्या पाण्यानं चुळा भरायचा. गालात आत एक फोड होता. "चुन्यानं भाजलंय," म्हणायचा. तीन महिने गेले. एक दिवस थुंकीत रक्त आलं, तेव्हा मालकांनी मलाच त्याच्याबरोबर बेळगावला धाडलं.

टिळकवाडीतल्या डॉक्टरांनी आरशावरचा उजेड त्याच्या तोंडात पाडला आणि बराच वेळ गालाच्या आत पाहिलं. मग हात धुतले.

"जिभेवरचा मळ, हिरड्या, किडकी दाढ, यांचा वास घासून, उपचार करून जातो," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत गेला नाही, किंवा तोंडातली जखम भरली नाही, तर लगेच दाखवायचं. ही जखम फार आत गेली आहे. इतके दिवस वास येतोय आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी जमिनीकडं पाहिलं.

"ह्या आमच्या आण्णांनी कवाच सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "मीच ऐकलं न्हाय."

पुढं मिरजेला नेऊन आणलं. उपयोग झाला नाही. पाच महिन्यांत तो गेला आणि खिडकीपाशी माझी गादी लागली. त्या उजेडात मी पुढं बरीच वर्षं बसलो.

पण त्या दिवशी परत येताना मोटारीनं काकती ओलांडली, तेव्हा मी त्याला विचारलं, "डॉक्टरांना तसं का सांगितलंस? मी तर वास न्हाय म्हणालो व्हतो."

"त्यांनी तुमास्नी बोल लावला आसता," तो म्हणाला. "असलं तोंडावर कसं सांगायचं? तुमास्नी लाज वाटली आसंल. मला कळतंय की."

खरं सांगायची तेवढीच वेळ होती.

"व्हय," मी म्हणालो. "लाजच वाटली."

त्यानं समाधानानं मान हलवली. मग मला वास येऊ नये म्हणून धोतराचा सोगा तोंडावर धरला आणि खिडकीकडं वळला. संकेश्वर येईपर्यंत तो तसाच बसला होता.