माळाच्या भावानं गेलेलं रान

माझ्या सासऱ्यांशी, हरिबामामांशी, गोड बोलून कुणी काम करून घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यांचे वाडवडील मेंढ्यांमागे फिरले. कासुर्डीच्या शिवारात घर बांधून शेतीला लागलेले हे पहिले. पाहुणा आला की ते आधी त्याच्या चपलांकडे बघतात. वाटेत काढल्या असतील तर त्याला पाणीही विचारत नाहीत.

धाकट्या भावाशी, संपतअण्णांशी, मामांचा वाटणीचा दावा लागला. विहिरीकडच्या रानाचे नीट दोन तुकडे पडत नव्हते, म्हणून ते अण्णांनी ठेवावं आणि निम्मी किंमत मामांना द्यावी, असं ठरलं. किंमत काढायला कोर्टाचा कमिशनर आला तो उन्हाळ्यात. रान मोकळं होतं आणि त्यात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंड्यांचं खत पडावं म्हणून आम्ही दर उन्हाळ्यात हे करतो, मग त्यातच कांदा घेतो.

"इथं मेंढ्या कायम असतात का?" त्यानं विचारलं.

मामांची छाती फुगली. "म्हंजी काय! एक साल चुकवलं न्हाई."

साहेबांनी 'चराऊ माळ' लिहिलं. अण्णा शेजारीच उभे होते, तोंड उघडलं नाही. निकाल माळाच्याच मातीमोल भावानं लागला.

तेव्हा मामांनी माझ्या लेकीला, अंकिताला बोलावलं. ती दौंडला वकिली करते.

"उघड ती केस परत."

"आबा, चूक कशी झाली ते सांगावं लागेल. लिहिते, अर्जदाराला प्रश्नाचा रोख कळला नाही."

"म्हंजी मी येडा?"

"कागदापुरते."

"तुझ्या बापाला येडा लिही!"

"मग द्या रान अण्णांना त्याच भावात. हारतुरे घालून द्या."

आजोबांसमोर असं बोलणारी ती घरात एकटीच. मामांनी सही केली आणि पेन तिच्या अंगावर फेकलं. "भाव बदलंस्तवर ह्या घरात पाय ठेवायचा न्हाई."

अण्णांना नोटीस गेली. यवतच्या बाजारात चहाच्या टपरीवर ते मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "दादानं कोर्टाला लिहून दिलंय, मला कळत न्हाई म्हून. घरात आमाला कवाच ठावं हुतं!"

मामा पाठीमागेच होते. "हस, संपत्या. तुझी बत्तिशी मोजून ठिवलीय."

आज अंकिताचा फोन आला. अर्ज मंजूर झाला, रानाची किंमत नव्यानं काढायची आहे. मी मामांना सांगितलं. ते जेवत होते, मानही वर केली नाही.

"त्ये येडेपणाचं खोडलं का इचार."

"ते खोडता येत नाही, मामा. त्यावरच अर्ज मंजूर झालाय."

"मंग भाव बदलू दे न्हाईतर नको. ती घरात न्हाई यायची."

फोन चालूच होता. तिनं सगळं ऐकलं.

"आई, कमिशनर येईल त्या दिवशी मी येतेय," ती म्हणाली. "आबांना सांग, घरात नाही येत. सरळ रानात येते. आणि त्या माणसानं काही विचारलं, तर माझ्याआधी तोंड उघडायचं नाही."

हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही.