घोळीचा काटा

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव. भात झोडून झालं की हाताला काम नाय, म्हणून लग्नानंतरच्या वर्षी मी दर्यावर खलाशी होऊन गेलो. त्याआधी समुद्र बघितलासुद्धा नव्हता. पहिले चार दिवस नुसता ओकत होतो.

बोटीवर कटकटीचं काम म्हणजे जाळं ओढल्यावर मासळी निवडणं. घोळ आणि कोत, दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. घोळ महागाची, तिचा ढीग वेगळा. जन्म दर्यावर काढलेलेही घाईत फसायचे. मी मात्र आठवड्यात तरबेज झालो, आणि त्यात माझी हुशारी काय नाय. आमच्याकडे ओढ्याच्या कपारीत हात घालून मासे धरतात. काटा बोटात घुसला तर दोन दिवस बोंबलत बसायचं, म्हणून हात आधी काटा चाचपतो. घोळीच्या पोटाखाली, मागच्या पराला जाडजूड काटा असतो. कोतीचा बारीक. मी बघायचोच नाय, काट्यावरून बोट फिरवायचं नि मासा फेकायचा. बोट चालवणारा तांडेल खूश, मीही शेफारलो.

मासळी न्यायला नाखव्याची, म्हणजे आमच्या बोटमालकाची, दुसरी बोट यायची. एकदा तिच्यावरून निरोप आला, बायकोचे दिवस भरलेत, घरी ये. पहिलटकरीण ती. जीव नुसता तळमळला. तांडेल म्हणाला, परतीच्या बोटीने एक माणूस सोडतो, पण तुला नाय, निवडायला कोण आहे? गावी असतो तर तरातरा चालू लागलो असतो. इथे चालणार कुठे, डोंबल? चहूकडे पाणी.

मग ठरवलं, आपण निकामी व्हायचं. पुढच्या ओढीला घोळी कोतींत टाकल्या, कोती घोळींत. तांडेल शेजारी येऊन बसला. कोतींच्या ढिगातून एक घोळ उचलून त्याने माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, आता हाकलतोय.

"चुकणारा माणूस काटा चाचपत नाय रे," तो म्हणाला. "तू चाचपतोस, मग टाकतोस."

मला रडूच फुटलं. परतीची बोट दुसऱ्याला घेऊन गेली.

घरी पोचलो तेव्हा मुलगी वीस दिवसांची झाली होती. मी उचलून घेतल्यावर तिने आकांत मांडला. बायकोने ती काढून घेतली. तांडेलाने बर्फात घालून दिलेले दोन मासे, एक घोळ नि एक कोत, विळीपाशी पडले होते. यातली घोळ कुठली, तिने विचारलं. बोट आपसूक काट्याकडे गेलं. मी हात मागे घेतला.

"मला नाय कळत," मी म्हणालो.