अक्षत जिभेला

नवरा कचरू पायाला नारू होऊन खाटेवर पडला आणि रब्बीची पेरणी सगुणाबाईवर आली. घनसावंगीजवळचं गाव. राज्य निजामाचं.

पंचक्रोशी तिला ओळखायची ती जिभेसाठी. रुखवताच्या वेळी दोन्हीकडच्या बाया एकमेकींना नावं ठेवतात, तशी रीतच. मुलीकडचे लोक देवाच्या पाठोपाठ सगुणाबाईलाच अक्षत देत.

वाफसा आला, ओल पेरणीजोगी झाली, त्याच दिवशी महसुलाचा गिरदावर गावात उतरला. त्याच्या गाडीला वेठीचे बैल हवे होते. शिपायानं नेमके तिचेच दावणीतून सोडून नेले. ती तरातरा चावडीवर गेली.

"साहेब, पेरणी करून राह्यलो आम्ही. दोन दिवस थांबा."

"खुशनसीब आहेस, बाई. तुझे बैल सरकारी माणसाला ओढणार."

"बराबर हाय, साहेब. दर साली उकिरडा तेच ओढतात. त्यांना नवं काही वाटायचं न्हाई."

चावडी खदखदून हसली. गिरदावरानं मान वर केली, तशी गप्प झाली.

बैल परत आले ते सतरा दिवसांनी, बरगड्या निघालेले. तोवर ती शेजारच्या रामरावच्या दारात तीनदा गेली होती. त्याच्याकडे बैलांच्या तीन जोड्या. तिनं एका दिवसासाठी एक जोडी आणि पेरायची तिफण मागितली.

"वहिनी, काय बोललात हो! अजून हसू येतं," रामराव म्हणाला. "पण साहेबाच्या डोळ्यावर यायचं न्हाई मला."

जमीन वाळली. भेगा पडल्या. शेत तसंच राहिलं.

तुळशीचं लग्न झालं आणि रामरावच्याच पोरीचं लग्न निघालं. त्यानं सगुणाबाईला अक्षत पाठवली. वर निरोप : वऱ्हाड तिखट हाय, तुमच्याबिगर न्हाई जमायचं.

ती गेली. रुखवत मांडलं. बाया पदर खोचून सरसावल्या. सगुणाबाई वरमाईकडे वळली.

"विहीणबाई, तुम्हाला काय नावं ठेवू? पोरगी गुणाची हाय, न्या. फक्त तुमच्या घराला आग लागली, तर इकडं सांगावा धाडू नका. हे लोक येतील. जल्दी येतील. हसायला येतील. घागर न्हाई आणायचे."

कुणी हसलं नाही. ती न जेवता उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामराव एक जोडी आणि तिफण घेऊन तिच्या बांधावर उभा. मान खाली. ढेकळं दगडासारखी झाली होती.

"आता आणली?" ती म्हणाली. "आता काय पेरू, तुमचं हसू?"